फ्रीज बारा, पद्मजा बावीस

१

आनंद रिसबूडला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की आधी तक्ता करायला लागायचा. मिक्सर घेताना त्यानं सात मिक्सरांचा तक्ता मांडला होता, आणि तो पुरा होईपर्यंत त्याची बायको पद्मजा दीड महिना खलबत्त्यात दाण्याचं कूट करत बसली होती. "तुझ्या तक्त्यात माझ्या मनगटाचा कॉलम नाहीये वाटतं," असं ती तेव्हा म्हणाली होती. तो कॉलम खरंच नव्हता.

त्यामुळे २००६ सालच्या नोव्हेंबरात, जानेवारीत येणाऱ्या अमेरिकन पाहुण्यांसाठी गोल्फची स्पर्धा ठेवायची आणि प्रत्येकाला अंतर मोजायचं एकेक यंत्र भेट द्यायचं असं कंपनीच्या डायरेक्टरांच्या मनात आलं, तेव्हा ते यंत्र निवडायचं काम आपसूकच आनंदच्या गळ्यात पडलं. गोल्फही तो डायरेक्टर खेळतात म्हणूनच शिकला होता. दोन वर्षांत त्यानं चेंडूपेक्षा मातीच जास्त उडवली होती, पण नियम सगळे पाठ होते. खड्ड्यात रोवलेला झेंडा किती यार्डांवर आहे त्यावर कुठली काठी उचलायची ते ठरतं. आजवर ते अंतर काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी सांगायचा. त्या वर्षी मैदानाच्या कमिटीनं यंत्रांना परवानगी दिली आणि जो तो लेझर, लेझर करत सुटला.

कॅम्पात शहेजादचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथून आनंदनं तीन यंत्रं पंधरा दिवसांच्या बोलीवर आणली, एक काळं, एक करडं, एक पिवळं.

"सर, खोकी फाडू नका, स्टिकर काढू नका," शहेजाद म्हणाला. "बाकी काय हवं ते मोजा. पंधरा दिवसांत आमचे एक गिऱ्हाईक स्वतःचं आख्खं सासर मोजून आले होते."

तिन्ही यंत्रं मुठीत मावतील एवढी. डोळ्याला लावायची, की समोरचं सहापट जवळ दिसायचं. मधोमध बारीक फुली. फुली नेमून बटण दाबलं की काचेतच खाली आकडा उमटायचा. दहा यार्डांच्या आतलं त्यांना मोजता यायचं नाही. लांबचंही, माणसाच्या अंगासारखं मऊ काही असेल तर चारशे यार्डांपर्यंतच. त्याच्यापुढे आकड्याच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा यायच्या.

२

कोथरूडमधलं त्यांचं घर म्हणजे शेजारशेजारचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून जोडलेले. घर आगगाडीसारखं लांब झालं होतं. हॉलमधल्या सोफ्यावर बसलं की सरळ रेषेत दुसऱ्या टोकाचा ओटा आणि फ्रीज दिसायचा. घरात माणसं दोन. पद्मजा जर्मनमधून यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतर करायची, तेही घरीच, जेवणाच्या टेबलावर शब्दकोश पसरून. दोघांचं छान चाललं होतं. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांचाही दिवस जायचा नाही.

पहिल्या रविवारी सकाळी आनंद तिन्ही यंत्रं घेऊन सोफ्यावर बसला. आधी गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी मोजली. मग टेकडीवरचा विजेचा खांब. मग घरातला फ्रीज. तिन्ही यंत्रांनी फ्रीज बारा यार्ड सांगितला. आता काहीतरी मऊ हवं होतं. पद्मजा ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती. तिच्या अंगात सुती कुडता होता.

"तिथंच उभी राहा. हलू नकोस."

"मी काय खांब आहे?"

"खांबापेक्षा बरी आहेस. मऊ आहेस."

"पंधरा वर्षांनी कौतुक आलं, तेही यार्डात," पद्मजा मागे न बघता म्हणाली. पण उभी राहिली.

आनंदनं आलटूनपालटून तिन्ही यंत्रं तिच्यावर रोखली आणि दहा वेळा बटण दाबलं. मग आकडे लिहायला वही घेतली आणि त्याचं पेन थांबलं. काळ्यानं तेरा म्हटलं होतं, करड्यानं चौदा, पिवळ्यानं पंधरा, पुन्हा काळ्यानं सोळा. दहावा आकडा बावीस होता. त्यानं फ्रीजवर फुली धरून पाहिली. बारा. पुन्हा बारा. पद्मजाचा उजवा खांदा फ्रीजला टेकलेला होता.

फ्रीज बारा, पद्मजा बावीस.

"झालं का तुझं?" तिनं विचारलं. "मेथी संपली निवडून."

"झालं, झालं," आनंद म्हणाला. त्याला भीती वगैरे काही वाटली नव्हती. उलट त्याचे डोळे चमकले होते.

३

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला चूक सापडली की तो घाबरत नाही, खूश होतो. आनंदला वाटलं, आधीची बेरीज कुठंतरी पुसायची राहतेय. दर वेळी बटण दाबलं की जुन्या आकड्यात एक मिळवला जातोय. तिन्ही यंत्रांत आतला तुकडा एकाच कारखान्यातला असणार, म्हणून तिन्ही सारखीच चुकतायत. फ्रीजवर का चुकत नाहीत? फ्रीज गुळगुळीत आहे, कुडता मऊ आहे. मग सोफ्याची उशी पण मऊ आहे, ती ओट्यावर ठेवून मोजली तर बाराच का येतात, या प्रश्नापुढे त्यानं वहीत एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. प्रश्नचिन्ह काढलं की त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटायचं.

चूक सापडली की ती पुन्हापुन्हा घडवून बघायची आणि दर वेळी नोंदवायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्यानं मनापासून पाळला. सकाळी पद्मजा डबा भरत असताना दहा वेळा. ऑफिसला निघताना पाच. संध्याकाळी ती पोळ्या लाटत असताना वीस. मंगळवारी आकडा ऐंशीच्या वर गेला. एकदाही मागे आला नाही. रात्रभरात वाढलाही नाही. बटण दाबलं की एक, फक्त एक.

"तुझ्यावर एक बग आहे," त्यानं जेवताना सांगितलं.

"माझ्यावर? झटकून टाक की मग."

बुधवारी सकाळी त्यानं यंत्र डोळ्याला लावलं, बोट बटणावर ठेवलं आणि प्रथमच त्याचं लक्ष आकड्यावरून वर गेलं. इतके दिवस तो फुली आणि फुलीखालचा कापडाचा तुकडाच बघत होता. आता त्यानं सगळी गोल काच पाहिली. बारा यार्डांवरचा फ्रीज सहापट जवळ आल्यावर काचेत मावत नव्हता. दाराचा मधला भाग तेवढा दिसत होता, आणि त्यावर चिकटवलेलं दूधवाल्याचं कार्ड.

पद्मजा मावत होती. डोक्यापासून पायांपर्यंत. सगळी मिळून ती त्या दूधवाल्याच्या कार्डाएवढी दिसत होती.

त्यानं यंत्र खाली घेतलं. बारा यार्डांवर पद्मजा फ्रीजशेजारी उभी होती, नेहमीएवढी, फ्रीजपेक्षा बोटभर उंच. दुधावरची साय काढत होती. त्यानं यंत्राची काच शर्टाला पुसली. मग त्याला आठवलं की काचा स्वस्तातल्या असल्या की कडेची चित्रं लहान-मोठी दिसतात. असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं खास. त्यानं पिवळ्या यंत्राच्या रकान्यात 'काच सदोष' असं लिहिलं. मग काळ्यातून पाहिलं, करड्यातून पाहिलं, आणि तिन्ही रकान्यांत तेच लिहिलं.

४

त्या आठवड्यात चहा गार यायला लागला.

"अगं, हा कोमट आहे."

पद्मजा काही बोलली नाही. म्हणजे तिचे ओठ हलले, आणि मग, आनंदनं बशी खाली ठेवल्यावर, तिचा आवाज आला. "उकळता ओतला होता. आणेपर्यंत गार झाला. मी काय करू?"

हे मागून येणारं बोलणं त्याच्या लगेच लक्षात आलं नाही, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नव्हता. रोज संध्याकाळी तो अमेरिकेशी फोनवर बोलायचा. तिकडचा आवाज समुद्र ओलांडून यायला क्षणभर वेळ घ्यायचा. आपण बोलायचं, थांबायचं, मग उत्तर येतं. अशी वर्षानुवर्षांची सवय. घरात बायकोशी बोलताना आपण तसंच थांबतोय हे त्याला गुरुवारी कळलं. तो म्हणाला, "कुकर बंद कर," आणि पद्मजानं हात पुढे करून गॅस बंद केला, आणि त्यानंतर तिचा आवाज म्हणाला, "किती शिट्ट्या झाल्या?"

कुकरची शिट्टी वेळेवर येत होती. भांड्याचा आवाज वेळेवर येत होता. फक्त पद्मजा मागून येत होती.

"तुला बरं वाटतंय ना?" त्यानं विचारलं. मग थांबला.

"पाय भरून येतात रे हल्ली," ती म्हणाली. ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली होती. तिनं मान थोडी उंच करून, जरा मोठ्यानं, पलीकडच्या गच्चीवरच्या बाईशी बोलावं तसं म्हटलं, "घर उगाच जोडलं आपण. किती चालायला लागतं!"

आनंदनं तिच्या पायांकडे पाहिलं. घरातल्या सपाता टाचेशी झिजून पार कागद झाल्या होत्या. दिवाळीला घेतल्या होत्या त्या. तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. यंत्रं त्याच क्षणी खोक्यात घालून परत करावीत असंही वाटलं.

पण चूक सिद्ध केल्याशिवाय यंत्र परत करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून शुक्रवारी त्यानं आणखी पन्नास वेळा बटण दाबलं. प्रत्येक आकडा त्यानं नीट वहीत लिहिला. शेवटचा आकडा दोनशे दोन होता.

५

शनिवारी सकाळी तो पद्मजाला मैदानावर घेऊन गेला. यंत्राची बाजू आणि घराची बाजू वेगळी काढून बघायची, असं त्यानं ठरवलं होतं. मैदानावर भीमराव होता.

भीमराव पंचवीस वर्षं तिथं कॅडी होता. जवळच्याच गावचा. मैदानावरचं कुठलंही अंतर तो नुसतं डोळे बारीक करून सांगायचा आणि ते यार्डभराच्या आत बरोबर निघायचं. तक्त्यात आनंदनं त्याचाही एक रकाना केला होता, आणि आतापर्यंत भीमराव एकाही यंत्राला हरला नव्हता.

शंभर यार्डांवर एक लाल खांब होता. पद्मजा पिवळा कुडता घालून त्याच्याशी जाऊन उभी राहिली. "हलू नकोस," आनंद ओरडला.

"भीमराव, खांब किती?"

"शंभर की साहेब. आजच इच्यारताय व्हय?"

"आणि बाई?"

भीमरावनं डोळे बारीक केले. "तीनशेला धा कमी."

आनंदनं पिवळं यंत्र लावून बटण दाबलं. दोनशे एक्क्याण्णव.

एका यार्डाचा फरक. तो एक यार्ड कुठून आला ते आनंदला तिथंच, त्या हिरवळीवर उभ्या उभ्या कळलं. भीमराव बोलला तेव्हा दोनशे नव्वद होते. एक त्यानं आत्ता, बटण दाबून घातला होता. त्याच्या आधीचे एकशे नव्वदही त्यानंच घातले होते. यंत्रं अगदी बिनचूक होती. त्याच्या कानशिलांवरून घामाचे ओघळ आले. अजून शंभर-सव्वाशे वेळा दाबलं असतं तर ती खांबापाशी उभी राहूनही चारशेच्या पुढे गेली असती.

"भीमराव," तो कसाबसा म्हणाला, "बाई खांबापाशी उभ्या आहेत ना रे?"

भीमरावनं खांबाकडे पाहिलं. मग त्याच्या पुष्कळ पलीकडे, मैदानाच्या कडेच्या बाभळींकडे. मग पुन्हा खांबाकडे, आणि या वेळी बराच वेळ.

"बाई तकडं हायत साहेब. बाभळीपाशी. मगाधरनं हात करत्यात तुमास्नी," तो हळू आवाजात म्हणाला. "खांबाला हाय ती कोन?"

खांबापाशी पद्मजा उभी होती. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, त्याच्याकडे तोंड करून. हलत नव्हती. पंधरा वर्षांत पद्मजाला कुणी मिनिटभर स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

भीमरावनं काठ्यांची पिशवी खाली ठेवली. "पोटात कळ येतीय," म्हणाला आणि मागे न बघता चालायला लागला.

आनंद बाभळींकडे बघत राहिला. नुसत्या डोळ्यांनी त्याला तिथं फक्त ऊन दिसलं. तोवर खांबापासची पद्मजा चालत त्याच्याजवळ आली होती.

"जायचं?" ती म्हणाली. ओठ आणि आवाज अगदी बरोबरीनं.

६

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, आणि त्याचंच आनंदला वाईट वाटत होतं.

चहा वाफाळता यायला लागला. विचारलेल्याचं उत्तर ताबडतोब यायला लागलं, कधीकधी त्याचं विचारून पुरं व्हायच्या आधीच. सपाता बदलल्या गेल्या. त्यानं घरी आल्या आल्या शपथ घेतल्यासारखी तिन्ही यंत्रं कपाटात टाकली होती, सोमवारी त्यातली दोन शहेजादला नेऊनही दिली. पिवळं तेवढं राहिलं. ते कपाटात सापडलं नाही.

आपण दाबायचं थांबलो म्हणून सगळं जागेवर आलं, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. दिवसा ते पटायचं. भीमरावचं वय झालं, उन्हात असं होतं. पण मंगळवारी त्यानं मुद्दामच भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं. पद्मजा अशा वेळी म्हणाली असती, मग तक्ता कर.

"हो का? दुसरी करते," ती म्हणाली, आणि उठून खरंच दुसरी भाजी करायला लागली.

जेवणाच्या टेबलावरचा शब्दकोश शनिवारपासून त्याच पानावर उघडा होता. जर्मनची कामं पडून होती. ओट्यापाशी काही काम नसतानाही ती तिथं उभी असायची, पाठमोरी, उजवा खांदा फ्रीजला टेकवून, आनंदनं पहिल्या रविवारी सांगितलं होतं तशी.

"आज मोजलं नाहीस?" ती विचारायची. बुधवारी एकदा. गुरुवारी तीनदा.

आणि गुरुवारी कुकरच्या शिट्टीनंतर जी एक शांतता होते, त्या शांततेत त्याला हाक ऐकू आली. खूप लांबून, ओरडून मारलेली. "आनंद!" त्यानं गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. रस्त्यावर दुचाक्या, कोपऱ्यावर रिकामी बस.

"कुणी नाहीये," त्याच्या मागून पद्मजा म्हणाली. त्यानं काही विचारलं नव्हतं.

तो बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडला. मोठा मॅनेजर, बेचाळीस वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा रडला. त्याला ती दुसरी भाजी नको होती, वाफाळता चहा नको होता. मनगटाच्या कॉलमवरून बोलणारी त्याची बायको त्याला परत हवी होती, आणि तिला एकेक यार्ड करत ढकलणारं बोट त्याच्याच हाताला होतं.

७

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यानं पिवळ्या यंत्राचं रिकामं खोकं पुढ्यात घेतलं. पंधरा दिवस संपले होते.

"हे शोधत होतास?" पद्मजा त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं पिवळं यंत्र त्याच्या हातात ठेवलं. यंत्र कोमट होतं, पुष्कळ वेळ कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखं. "एकदा बघ ना. द्यायच्या आधी."

नुसतं बघायचं, असं आनंदनं ठरवलं. नुसत्या बघण्यानं काही होत नव्हतं, बटणानं होत होतं. ती अजून तिथं आहे की नाही एवढं कळलं तरी पुरे होतं. ती असेल तर तो चालत जाणार होता, कितीही लांब असो. त्यानं बोट बटणापासून लांब धरलं आणि रिकाम्या ओट्याकडे काच रोखली.

फ्रीजचं दार काचेत मावत नव्हतं. दाराच्या शेजारी, जिथं भिंत आणि भिंतीवर कॅलेंडर असायचं, तिथं भिंत नव्हती. पांढऱ्या फरशा पुढे चालल्या होत्या. फरशीमागून फरशी, बारीक होत जाणाऱ्या. आणि त्यांच्यावर करंगळीएवढी पद्मजा, पिवळ्या कुडत्यात, चालत येत होती. केस सुटले होते. पायांत काही नव्हतं. आठ दिवस ती चालतच असावी अशा पावलांनी ती येत होती.

तिनं मान वर केली आणि तो तिला दिसला. ती थांबली. दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं काहीतरी म्हटलं. मग अर्ध्या श्वासानंतर, समोरून, लांबून, तिचा आवाज आला.

"अरे ए! बघतोस काय नुसता?"

आनंदच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. "थांब, मी येतो!" तो ओरडला. "मी येतोय, पद्मजा!"

"ये ना," कानापाशी कुणीतरी म्हणालं.

मागून एक हात आला. बांगड्या ओळखीच्या होत्या. त्या हातानं आनंदचं बोट मायेनं धरलं, उचललं, बटणावर ठेवलं आणि वरून दाबून धरलं.

बटण एकदा दाबलं की एक आकडा. दाबून धरलं की आकडे थांबत नाहीत. दोनशे चार, दोनशे पाच, दोनशे सहा. आनंदनं बोट ओढलं, हात झटकला, सगळं अंग मागे टाकलं. मागे जागा नव्हती. मागे ती होती, आणि ती हलत नव्हती. काचेत पद्मजाला कळलं होतं. ती धावायला लागली होती. ती जिवाच्या आकांतानं त्याच्या दिशेनं धावत होती आणि लहान होत होती. दोनशे साठ. तिचे ओठ हलले. दोनशे नव्वद झाल्यावर त्यातलं "बोट" एवढंच त्याच्यापर्यंत आलं. तीनशे तीस. ती पडली, उठली, पुन्हा धावली. तीनशे सत्तर. आता पिवळा ठिपका. आवाज येतच होता, पण तो तिनं कधी मारलेल्या हाकेचा होता ते कळायला मार्ग नव्हता.

तीनशे अठ्ठ्याण्णव. तीनशे नव्याण्णव. चारशे.

मग आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. फ्रीजशेजारी भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं.

बोटावरचा हात सैल झाला.

"झालं ना?" कानाशी आवाज आला, अगदी वेळेवर. "दे इकडे. मी नीट ठेवते खोक्यात."

आनंदनं यंत्र तिच्या हातात दिलं.